डावं-उजवं

घुम्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मावशीच्या हातात उशी होती, आणि उशीचा अभ्रा अर्धा निघालेला, अर्धा आत अडकलेला. त्याची ही यायची वेळ नव्हती. दुपार अजून सरायची होती, खालच्या रस्त्यावरून शाळेची बससुद्धा गेली नव्हती. घरातली दोन्ही मुलं या वेळी मैदानावर असायची. पण हा आला होता. गुडघ्याला निळी पट्टी, खांद्याला पिशवी, पायांत नुसते मोजे. बूट खाली काढून वर यायची शिस्त मावशीनेच लावलेली, म्हणून जिन्यावर पाऊल वाजलं नाही. त्याने आधी मावशीकडे पाहिलं, मग आपल्या पलंगाकडे. पलंगावर उघडी गादी होती. चादर घडी होऊन खुर्चीवर गेलेली, तिच्यावर पांघरूण, आणि भिंतीला टेकून त्याची मोठी बॅग, चेन लावून तयार. त्याने हे सगळं एकदा सावकाश पाहून घेतलं. भिंतीवर त्याच्या बहिणीचा फोटो होता, तिथे आता चिकटपट्टीचे चार डाग होते, तेही पाहिले. "बरं," तो म्हणाला. मग बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

मावशीच्या आत काहीतरी हललं. पण किती, तर भरलेल्या बादलीला जाताजाता पाय लागावा तितकंच. पाणी सांडलं नाही. तिने अभ्रा ओढून पुरता काढला, उशी गादीच्या डोक्याशी ठेवली. इतक्या वर्षांत अर्ध्या आवरलेल्या खोलीत कुणी मूल असं येऊन उभं राहिलं नव्हतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं ती एका हॉटेलात खोल्या लावायला होती, आणि तिथे पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवलेली गोष्ट म्हणजे उघडी गादी कुणाला दिसता कामा नये. गेलेला पाहुणा आणि येणारा पाहुणा यांच्यामध्ये जो अर्धा तास असतो, तो फक्त खोल्या लावणाऱ्या बायकांचा. त्या वेळात गादीवरचे डाग दिसतात, मधला खोलगट भाग दिसतो, किती जण इथे झोपून गेले ते कळतं. पाहुण्याला मात्र वाटलं पाहिजे की हा पलंग त्याच्यासाठीच केलेला आहे आणि त्याच्याआधी इथे कुणी नव्हतं. फुटबॉल क्लब इथे या घरात राहायला पाठवतो त्या मुलांनाही तसंच वाटत असणार. तेराव्या-चौदाव्या वर्षी घर सोडून येतात बिचारी, हातात क्लबची बॅग आणि छातीवर क्लबचं चिन्ह, आणि मावशी त्यांना पलंग दाखवते. कोपरे घट्ट खोचलेला, सुरकुती नसलेला. पोरं हरखून जातात.

आणि जायची वेळ येते तेव्हा फोन येतो. फोन करणाऱ्याचा क्लबातला हुद्दा 'खेळाडू देखभाल अधिकारी'. मावशीचा नवरा होता तोवर त्या हुद्द्याला हसायचा. देखभाल लिफ्टची असते, पंपाची असते, म्हणायचा. नवरा खेळाचा वेडा. त्याच्याच हौसेने हे मुलं ठेवण्याचं काम घरात आलं. तो गेला आणि हौस गेली, मुलं राहिली. देखभालसाहेब मात्र माणूस वाईट नाही. आवाज मऊ, कधी चढत नाही. पहिला मुलगा गेला तेव्हा काय तमाशा झाला होता. क्लबाने काढल्याचं त्याला घरी येऊन सांगितलं, या स्वयंपाकघरातच, आणि तो वर जाऊन पलंगाचा पाय धरून बसला. सोडेना. चौदा वर्षांचं पोर, अंगात घोड्याची ताकद, आणि दोन माणसांना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्या रात्री मावशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी देखभालसाहेबांनी तिला समजावलं की यापुढे असं नको. मुलाला ऑफिसात सांगू, गाडीने आणू, आणि तो पोचायच्या आत तुम्ही त्याचं सगळं आवरून ठेवा. खोलीत आपलं म्हणून काही दिसलं की पोरं अडकतात, मावशी. काही दिसलंच नाही तर पाय निघतो. तिला ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं. क्लबात या सगळ्याला एक शब्द आहे, 'मोकळं करणं'. मुलाला मोकळं केलं, म्हणतात. तेव्हापासून मुलगा मोकळा व्हायच्या आत त्याची खोली मोकळी होते, आणि कुणी पलंगाचा पाय धरत नाही. दुसरा गेला तेव्हा ती थोडी रडली. नंतरच्यांचे चेहरे आता एकमेकांत मिसळतात. कोण दूध पीत नसे, कोणाला पालीची भीती, कोण पहिल्या महिन्यात अंथरूण ओलं करायचा हे आठवतं, पण ते कुठल्या चेहऱ्याला लावायचं ते आठवत नाही.

एकदा मुलीशी या गोष्टीवरून वाजलं होतं. मुलगी आता दुसऱ्या शहरात असते. मुलांची खोली मुळात तिची. मावशी म्हणाली होती, मी कधी कुणात डावं-उजवं केलं नाही, सगळ्यांना सारखं जेवायला घातलं, सारखं रागावले. मुलगी म्हणाली, खरंय आई, घालवलंसही सगळ्यांना सारखंच. त्यावर दोघी काही दिवस बोलल्या नव्हत्या, आणि मग नेहमीप्रमाणे हवापाण्यावरून पुन्हा सुरू झालं.

सध्या घरात दोघं. एक हा घुम्या आणि दुसरा रेडिओ. रेडिओ सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडतो. पहिल्याच दिवशी त्याने मावशीला 'तू' म्हटलं, 'मावशी, तू झोपतेस कुठे?' असं, जणू सख्ख्या मावशीकडे सुट्टीला आलाय. इतक्या मुलांत 'तू' म्हणणारा तो एकटाच. मावशीने त्याला दटावलं नाही. ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. घुम्या 'तुम्ही' म्हणायचा, तेही म्हणावं लागलं तर. दोन वर्षांत त्याची वाक्यं मोजकी. पाणी घेऊ का. कपडे वाळले का. खेळात मात्र तो मोठा समजला जातो असं रेडिओकडून कळायचं. मावशी खेळ बघत नाही. नवऱ्याबरोबर एकदाच मैदानावर गेली होती आणि तिला एवढंच दिसलं की घरात दारात न मावणारी पोरं तिथे फार लहान दिसतात. घुम्याबद्दल तिला ठाऊक होतं ते वेगळंच. तो झोपेत दात खातो. भिंतीपलीकडे ऐकू येईल इतका, करकर, आणि सामन्याच्या आदल्या रात्री जास्त.

सकाळी फोन आला तेव्हा ती मुलांचे टॉवेल दोरीवर टाकत होती. देखभालसाहेब नेहमीसारखं आधी तब्येतीचं बोलले. गेल्या हंगामात कुणाच्या तरी आईने फोनवरचं बोलणं टेप केलं आणि क्लबाला फार निस्तरावं लागलं, तेव्हापासून फोनवर मुलांची नावं घ्यायची नाहीत असा नियम आलाय. त्यामुळे ते म्हणाले, मावशी, डाव्याचं आवरून ठेवा, संध्याकाळी घेऊन येतो. ती बरं म्हणाली. हॉटेलात दोन पलंगांच्या खोलीत असंच बोलत. बारा नंबर, डावा. बारा नंबर, उजवा. ती घरातही तसंच बोलते. डाव्याची चादर, उजव्याचे मोजे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला घुम्याचा पलंग. थोडं नवल वाटलं, एवढा मोठा खेळाडू म्हणतात आणि त्यालाच काढतात, पण क्लबाचं गणित क्लबाला. तिने दोरीवरचा एक टॉवेल काढून बाजूला ठेवला आणि बाकीच्यांना चिमटे लावले.

आता ती खाली येऊन ओट्यापाशी उभी होती आणि मुलगा जिना उतरत होता, या वेळी पावलं ऐकू येत होती. काय बोलायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. सांगायचं काम तिचं कधीच नव्हतं. घुम्या येऊन टेबलाशी बसला. तोंड धुतलेलं, केस ओले. गुडघा सुजलाय म्हणून फिजिओने लवकर सोडलं, असं आपणहून सांगितलं. मग थोडा वेळ तो मिठाच्या बरणीशी खेळत बसला आणि मग म्हणाला, "मावशी, घरात साखर आहे का? मला चहा देशील? साखर घालून?"

देशील. तिने आधण ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. मुलांचा आहार क्लब ठरवतो, तक्ता फ्रिजवर लावलेला आहे, त्यात चहा नाही आणि साखर तर नाहीच. साखरेचा डबा ती आपल्यापुरता डाळींच्या मागे ठेवते. तिने तो काढला. त्याने तीन चमचे घातले, ढवळले, चव घेतली आणि चौथा घातला. आणि मग हा मुलगा बोलायला लागला. मावशीला वाटलं, रेडिओच येऊन बसलाय. म्हणाला, घरी गेलो की पहिले आठ दिवस उठणारच नाही, आई हाका मारून थकू दे. म्हणाला, बहिणीला सायकल शिकवायची राहिलीय, ती आता माझ्या खांद्याला लागत असेल. मग आवाज खाली आणून म्हणाला, तुला एक सांगू मावशी, निवड असली की मी आदल्या रात्री गुडघ्यावर मुठी मारायचो. सुजला तर बरं. मोडला तर अजून बरं. कुणाला काही म्हणता येणार नाही ना मग. आज सकाळी खरंच सुजला तर मला भीती वाटली, मी केलं की आपोआप झालं म्हणून. आणि आता बघ. तो हसला. त्याला पुढे एक वेडावाकडा दात होता, तो तिने आज पहिल्यांदा पाहिला. "एकदम मोकळं वाटतंय गं," तो म्हणाला.

मावशी समोर बसली होती. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. वाटला, आणि हात टेबलावरच राहिला. दोन वर्षं ती रात्री जे ऐकत होती ते दात खाणं की मुठी, असा विचार तिच्या मनात आला. ऐकून ती कूस बदलायची. सकाळी दोघांना सारखीच अंडी द्यायची. तो जातोय हे बरंच झालं, असं तिला वाटलं. मोकळी झालेली मुलं तिने आजवर फक्त गाडीत बसताना पाहिली होती. त्यांच्यातलं एखादं असं चहा पीत बसलं असतं तर हसलं असतं का, हे तिला कळायला मार्गच नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. देखभालसाहेब. मावशी फोन घेऊन मागच्या दारापाशी गेली. झालं का आवरून, त्यांनी विचारलं. तिने झालं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, आता त्याला आत बोलावतोय, बाहेर बाकावर बसलाय, कशाचा पत्ता नाही, शिपायाला जोक सांगतोय. मागे कुणीतरी मोठ्याने हसल्याचं तिला ऐकू आलं. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. तिने वळून पाहिलं. घुम्या टेबलाशी बसून कपाच्या तळाची साखर चमच्याने खरवडत होता.

"साहेब," ती म्हणाली, "डावा म्हणजे कुठला?"

"कुठला म्हणजे? डाव्या पायाचा. तुमच्याकडे दुसरा डावा कोण आहे? मावशी, इतके दिवस घरात आहेत आणि कुणाचा पाय कुठला ते माहीत नाही तुम्हाला?" रागाने नाही, गमतीनेच म्हणाले, आणि संध्याकाळी येतो म्हणून फोन ठेवला.

ती तिथेच उभी राहिली. दोरीवर टॉवेल होते. पाय तर ती रोज बघत होती. मोजे धूत होती, फोडांना मलम लावत होती, रेडिओच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय हे तिला ठाऊक होतं. पण ते चेंडूमुळे काळं पडलं, उजव्याचं का नाही पडलं, हे तिने कधी जोडून पाहिलं नव्हतं. आपल्याला लाज वाटायला हवी, असं तिला वाटलं, आणि ती वाटण्याची वाट बघत ती उभी राहिली. आतून काही आलं नाही. एवढंच सुचलं की वर उजव्या पलंगाची चादर कालच बदललीय. आणि दुसरं सुचलं ते असं, की गप्प बसावं. संध्याकाळपर्यंत. या पोराला संध्याकाळपर्यंत मोकळं राहू द्यावं. कुणाचं काय बिघडलं? संध्याकाळी साहेब येतील, चुकून झालं म्हणतील, हसतील. सांगायचं काम आपलं नाही. ते तर कधीच नव्हतं.

ती आत आली तेव्हा त्याने स्वतःचा फोन टेबलावर काढून ठेवला होता.

"मावशी, बाबांना तू सांगशील?" तो म्हणाला. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी मुद्दाम केलं. तू सांग ना. तू मोठी आहेस, तुला ओरडणार नाहीत. मग मी घेतो फोन."

त्याने नंबर काढून फोन तिच्याकडे सरकवला. पडद्यावर नुसतं 'बाबा' लिहिलेलं होतं. या बाबांना ती एकदाच भेटली होती, मुलाला सोडायला आले तेव्हा. त्यांनी पलंग हाताने दाबून पाहिला होता आणि मुलाला म्हणाले होते, इथून परत यायचं नाही. चांगल्या अर्थानेच म्हणाले असावेत. मावशीने फोन हातात घेतला, आणि मग उपडा करून टेबलावर ठेवला.

"तू नाहीस रे," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही.

"माझी चूक झाली. ते डावा म्हणाले, मी पलंग समजले. तुला नाही काढलेलं. तू आहेस."

तो तिच्याकडे बघत राहिला. आनंद होईल असं तिला वाटलं नव्हतंच, पण निदान राग येईल, रडेल, असं काहीतरी ती धरून चालली होती. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू मागे गेलं, आणि तिच्या ओळखीचा घुम्या समोर बसला. ओठ मिटले, तो वेडावाकडा दात आत गेला. "नक्की?" त्याने विचारलं. ती नक्की म्हणाली. त्याने कपात पाहिलं. घोट-दोन घोट चहा उरला होता. तो उठला, चहा मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला, साखरेचा डबा उचलून डाळींच्या मागे होता तिथे ठेवला. फोन खिशात टाकला.

"फिजिओने बर्फ लावायला सांगितलाय," तो म्हणाला. "बर्फ आहे का तुमच्याकडे?"

तिने बर्फ दिला. तो वर गेला. मावशी टेबलाशी बसून राहिली. रस्त्यावरून शाळेची बस गेली, शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत होतं, ते थांबलं. वेळ बराच गेला असावा, कारण खिडकीतलं ऊन भांड्यांवरून उतरून जमिनीवर आलं होतं. रेडिओला आतापर्यंत सांगितलं असेल. तो आधी जोक समजला असेल. ऑफिसात पाण्याचा पेला ठेवतात म्हणे समोर. मग वर काहीतरी सरकल्याचा आवाज आला, पलंग ओढल्यासारखा, आणि ती उठून जिना चढू लागली.

घुम्याने आपला पलंग पुन्हा घातला होता. चादर ताणून, कोपरे तिने शिकवले तसे खोचून. फोटो भिंतीवर जुन्या डागांवर बरोबर बसवलेला. आणि आता तो उजव्या पलंगाशी उभा होता. रेडिओचं पांघरूण घडी होऊन खुर्चीवर गेलं होतं, कपाटातले कपडे बॅगेत भरलेले, तेही नीट, गुंडाळून, सुरकुत्या पडू नयेत असे. तो चादरीचा शेवटचा कोपरा सोडवत होता. गुडघ्याला बर्फाची पिशवी रुमालाने बांधलेली होती आणि रुमालातून पाणी ठिबकत होतं.

"हे काय करतोयस," मावशी म्हणाली.

"तुम्ही बसा मावशी," तो म्हणाला. "तो यायच्या आत व्हायला पाहिजे ना."

हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. रेडिओच्या आधी शेजारी असलेले गेले तेव्हा त्याने पाहिलं असणार, मैदानावरून आल्यावर शेजारचा पलंग रिकामा, आणि त्यावरून ओळखलं असणार. आवाज न करता काम करत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. मावशीला आरशात बघितल्यासारखं झालं, आणि आता मात्र पाणी सांडलं. तिला भिंत धरावी लागली. ठेव ते, असं तिला ओरडायचं होतं. घाल परत चादर. पण घालून काय होणार होतं? रेडिओ वर येऊन बघेल, पलंग तसाच असेल, आणि त्याला वाटेल की जोकच होता. तेवढ्यात घुम्याने चादर काढून दोन टोकं तिच्यापुढे धरली, एकट्याला घडी नीट जमत नाही म्हणून. तिने ती धरली. दोघांनी घडी केली, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि तो ती खुर्चीवर ठेवायला वळला.

उजवी गादी उघडी होती. मध्ये खोलगट, एका बाजूला शाईचा जुना डाग, कुणाचा कोण जाणे. खाली गाडी थांबली. दार उघडून बंद झालं. रेडिओ घरात शिरला की पहिल्या पायरीपासून ऐकू यायचा, आज काय झालं, कोण पडलं, जेवायला काय आहे. मावशी कान देऊन उभी राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती पुढे झाली आणि त्या गादीवर बसली. होती तेवढी पसरून बसली, दोन्ही हात बाजूला टेकून, निदान मधला भाग तरी झाकला जावा म्हणून. घुम्या आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता आणि डोळे मिटून घेत होता. जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

रेडिओ दारात आला. पायांत मोजे. मागे देखभालसाहेब हातात गाडीची किल्ली घेऊन उभे होते. त्याने बॅगेकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, घुम्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्याकडे. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. काहीही बोल, तिला वाटत होतं, शिव्या दे.

"मावशी," रेडिओ म्हणाला, "जरा उठता का? माझा चार्जर गादीखाली राहिलाय."

ती उठली.